मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व तिची कसोटी

‘हातच्या कांकणाला आरसा कशाला?’ ही म्हण आपण नित्य वापरतों. जें डोळ्यांपुढें ढळढळीत दिसत आहे त्यास निराळा पुरावा नको, असा तिचा भावार्थ. संसारांतील पुष्कळ गोष्टींस ती लागू पडते यांत शंका नाहीं. तथापि एक गोष्ट अशी आहे कीं, जिच्या बाबतींत या म्हणीनें मनुष्यास शतकानुशतकें फसविलें. आणि आश्चर्य असें कीं, ती गोष्ट खुद्द डोळ्यासंबंधींचीच आहे. आंधळ्या मनुष्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली, पट्टी सोडली, आणि त्याला समोर धरलेलीं बोटें मोजतां आलीं, तर उपचार उत्तम झाला असें कोण म्हणणार नाहीं? परंतु तो उपचार हितकर कीं घातक, हें त्या दिवशीं ठरत नसतें. तें ठरण्यास कधीं एक वर्ष, कधीं दहा वर्षें लागतात. शिवाय एका विशिष्ट रीतीचा हिशेब ठेवावा लागतो. असा हिशेब ठेवण्यास मनुष्य कसकसा शिकला, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस थोडक्यांत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम मोतीबिंदू म्हणजे काय तें पाहूं. बुबुळाच्या मधोमध जें काळें छिद्र दिसतें त्यास आपण बाहुली म्हणतों. त्या बाहुलीच्या पाठीमागें, मसुरीच्या दाण्यासारख्या आकाराचें पण त्याहून बरेंच मोठें, असें एक स्वच्छ भिंग एका पातळ पिशवींत बसविलेलें असतें. बाहेरील प्रकाश या भिंगांतून जाऊन डोळ्याच्या मागील पडद्यावर एकवटतो, व तेणेंकरून आपणांस वस्तु रेखीव दिसते. अंड्याचा पांढरा बलक कच्चा असतांना पारदर्शक असतो, पण उकडला कीं दुधासारखा होतो, हें सर्वांनीं पाहिलें आहे. भिंगांतील द्रव्यांतहि तशाच प्रकारचा पालट हळूहळू घडतो. वय झालें म्हणजे, किंवा मधुमेहामुळें, डोळ्यास मार लागल्यामुळें, कांहीं औषधें दीर्घकाळ घेतल्यामुळें तें भिंग गढूळ होतें. यालाच मोतीबिंदू म्हणतात. पूर्वीं युरोपांतील वैद्यांस असें वाटे कीं, डोक्यांतून कांहीं रस खालीं उतरतो व बाहुलीच्या मागें, भिंगाच्या पुढें, त्याचा पडदा गोठतो. इ. स. १७०५ मध्यें मिशेल ब्रिसो नांवाच्या फ्रेंच वैद्यानें एका मृत मनुष्याचा डोळा कापून पाहिला, आणि गढूळ झालेली वस्तु म्हणजे प्रत्यक्ष भिंगच होय असें दाखविलें. ग्रंथ उघडण्यापेक्षां डोळा उघडून पाहिला, तेव्हां सत्य सांपडलें.

आपल्या देशांत या रोगावरील शस्त्रक्रिया फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत तिचें वर्णन आहे. जवाच्या दाण्यासारखें टोंक असलेली शलाका डोळ्यांत घालून दृष्टीआडचा दोष दूर करावा, नंतर डोळा तुपानें माखून वस्त्रानें बांधावा, आणि रोग्यानें उताणें निजून शिंकणें, खोकणें, ढेकर देणें, थुंकणें टाळावें, असे नियम तेथें सांगितले आहेत. एवढेंच नव्हे, तर शलाका सदोष असली किंवा भलत्या जागीं टोंचली तर कोणते उपद्रव होतात, याचीहि नोंद त्या ग्रंथांत आहे. आपल्या कलेचें अपयश लिहून ठेवणारा वैद्य हा खरा गुरु समजावा.

परंतु ही विद्या पुढें फिरत्या नेत्रवैद्यांच्या हातीं गेली. यांची रीत अशी असे कीं, सुईनें भिंग मूळ जागेवरून ढकलून डोळ्याच्या पोकळींत खालीं पाडावयाचें. पडदा दूर झाल्यावर प्रकाश आंत जाई, रोग्यास तत्काळ दिसूं लागे, भोंवतीं जमलेले नातेवाईक धन्य धन्य म्हणत, वैद्य आपली बिदागी घेई आणि दुसऱ्या गांवाची वाट धरी. यांत लबाडी होतीच असें नाहीं. कित्येकांचा आपल्या हातगुणावर मनापासून विश्वास असेल. पण पुढें काय होई? आंत पडलेलें भिंग डोळ्यास सोसत नसे. मळक्या सुईबरोबर आंत गेलेली घाण पू धरी. कांहींचा डोळा सुजे, कांहींच्या डोळ्यांतील दाब वाढे, आणि आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं मिळालेली दृष्टि पुन्हां जाई, ती कायमची. तोंपर्यंत वैद्य दहा गांवें ओलांडून गेलेला असे. दृष्टिआड सृष्टि ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरली: त्यानें अंध झालेले डोळे कधीं पाहिलेच नाहींत, म्हणून त्याच्या मनाच्या वहींत सर्व यशच यश जमा होत राहिलें.

ही वही कोणीं तपासली? मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री इलियट यांच्याकडे असे बिघडलेले डोळे घेऊन लोक येत. त्यांनीं शेंकडों रोग्यांची नोंद केली, निकामी झालेले डोळे तपासून आंत काय घडलें तें पाहिलें, आणि १९१८ सालीं या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बहुसंख्य डोळे नष्ट झाले होते. अर्थात् रुग्णालयांत बिघडलेलेच डोळे अधिक येणार, बरे झालेले लोक कशाला येतील, हा आक्षेप घेतां येतो, व तो विचारी मनुष्यानें घ्यावाच. वर्गांतील नापास मुलांचेच पेपर पाहून शाळेची परीक्षा करणें जसें न्यायाचें नव्हे, तसेंच हेंहि. म्हणजे यशस्वी रोगीच मोजणें जितकें चुकीचें, तितकेंच केवळ अयशस्वी मोजणेंहि अपुरें. सर्वांस मोजलें पाहिजे, हा पहिला धडा.

याच्या पूर्वीं फ्रान्समध्यें एक मोठा फेरफार झाला होता. झाक दाव्हिएल या शस्त्रवैद्यास भिंग खालीं पाडण्याच्या क्रियेंत अपयश आलें, तेव्हां १७४७ सालीं त्यानें डोळ्यास छेद देऊन गढूळ भिंग बाहेरच काढलें. पुढें त्यानें दोनशेंहून अधिक शस्त्रक्रियांचा अहवाल पॅरिसच्या विद्वान् शस्त्रवैद्यांपुढें ठेवला, व त्यांत फसलेल्या शस्त्रक्रियांचीहि संख्या दिली. त्या काळीं रोग्यास बधिर करण्याचें साधन नव्हतें. माणसें धरून ठेवीत व शस्त्र चाले. १८८४ सालीं व्हिएन्ना येथील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यानें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर होतो असें शोधून काढलें. तें त्यानें आधीं प्राण्यांवर आणि मग स्वतःच्या डोळ्यावर पाहिलें, तेव्हां कोठें नेत्रशस्त्रक्रिया सुसह्य झाली.

भिंग काढलें म्हणजे पडदा गेला, पण भिंगहि गेलें. त्याची भरपाई जाड बहिर्गोल कांचांच्या चष्म्यानें करीत. आपल्यापैकीं वडील मंडळींना ते चष्मे आठवत असतील. त्यांतून वस्तु सुमारें पावपट मोठी दिसे; पायरी होती त्याहून जवळ भासे; बाजूचें नीट दिसत नसे; आणि बैलगाडींत किंवा बाजारांत चष्मा फुटला कीं म्हातारा पुन्हां आंधळाच. त्याऐवजीं डोळ्याच्या आंतच दुसरें भिंग कां बसवूं नये? हा साधा प्रश्न लंडनमध्यें शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्यानें हॅरॉल्ड रिड्ली या डॉक्टरांस विचारला असें सांगतात. विद्यार्थीहो, प्रश्न विचारण्याची लाज वाटूं देऊं नका! दुसऱ्या महायुद्धांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्स नांवाच्या पदार्थाचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते, व ते कण डोळ्यास फारसे त्रास देत नाहींत असें रिड्ली यांच्या नजरेस आलें होतें. त्या पदार्थाचें भिंग घडवून त्यांनीं २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं सेंट थॉमस रुग्णालयांत पहिली शस्त्रक्रिया केली. भिंगाची शक्ति अजमासापेक्षां फाजील झाल्यामुळें त्या रोगी स्त्रीस दूरचें नीट दिसेना. तरी कृत्रिम भिंग डोळ्यांत राहूं शकतें, एवढें सिद्ध झालें.

मोठमोठ्या नेत्रतज्ज्ञांनीं रिड्ली यांस कडवा विरोध केला. या कथेंत विरोधकांस केवळ कोत्या मनाचे ठरवून मोकळें होणें सोपें आहे. पण आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. आरंभींचीं कित्येक भिंगें जागेवरून सरकलीं, कांहीं डोळे सुजले, कांहीं भिंगें काढून टाकावीं लागलीं. विरोधक जें विचारीत होते तें योग्यच होतें: उद्यांचें राहूं द्या, दहा वर्षांनीं या डोळ्याचें काय होईल? त्याचें उत्तर वादविवादानें मिळण्यासारखें नव्हतें. भिंगाचा आकार सुधारत गेला, हजारों डोळे वर्षानुवर्षें तपासले गेले, आणि १९८१ सालीं अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें अशा भिंगांस मान्यता दिली. पुढें वृद्धपणीं रिड्ली यांच्या स्वतःच्या डोळ्यांतहि कृत्रिम भिंगें बसविण्यांत आलीं.

आतां या हिशेबाची खरी रीत कोणती तें समजून घेऊं. समजा, एका शेतकऱ्याला ज्वारीचें नवें बियाणें पारखावयाचें आहे. त्यानें नवें बियाणें काळ्या कसदार जमिनींत पेरलें व जुनें मुरमाड माळावर पेरलें, आणि नव्याचें पीक दुप्पट आलें, तर श्रेय कोणाला द्यावें? बियाण्याला कीं जमिनीला? तेंच डॉक्टरांचें. चांगले डोळे असलेल्या, निरोगी, तरुण रोग्यांवर नवी शस्त्रक्रिया केली आणि अवघड रोग्यांवर जुनी केली, तर नवी श्रेष्ठ ठरणारच. आणि गंमत अशी कीं, डॉक्टर हें मुद्दाम करीत नाहीं. त्याचें मन त्याच्या नकळत निवड करतें. म्हणून निवड मनाच्या हातीं ठेवावयाचीच नाहीं. चिठ्ठ्या टाकाव्या, आणि ज्याच्या नांवें जी चिठ्ठी निघेल ती शस्त्रक्रिया त्याची करावी. म्हणजे काळी जमीन व मुरमाड जमीन दोहोंकडे सारखीच वांटली जाते. नंतर सर्वांना ठरलेल्या दिवशीं तपासावें, व शक्य तर तपासणाऱ्यास कोणाची कोणती शस्त्रक्रिया झाली हें ठाऊक नसावें. या रीतीस वैद्यकशास्त्रांत फार मोठें स्थान आहे.

या रीतीचें एक थोर उदाहरण आपल्याच देशांत घडलें. मदुरा येथें डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनीं १९७६ सालीं अवघ्या ११ खाटांचें अरविंद नेत्ररुग्णालय उघडलें. संधिवातानें त्यांच्या हातांचीं बोटें वांकडीं झालेलीं होतीं. तरी त्याच हातांनीं त्यांनीं सहस्रावधि शस्त्रक्रिया केल्या. पुढें प्रश्न असा उपस्थित झाला कीं, आंतील भिंग हें शहरांतील श्रीमंतांस ठीक आहे; पण खेड्यांतील गरिबांस, ज्यांना वारंवार रुग्णालयांत येतां येत नाहीं त्यांस, जाड चष्म्याची जुनी पद्धतच अधिक निर्धोक नव्हे काय? या शंकेचें निरसन भाषणांनीं न करतां, मदुरेस ३,४०० रोग्यांमध्यें चिठ्ठ्यांच्या रीतीनें दोन्ही पद्धतींची तुलना करण्यांत आली, आणि वर्षभर पाठपुरावा करून १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आंत भिंग बसविलेल्यांची दृष्टि अधिक चांगली ठरली व ती पद्धत निर्धोकहि ठरली. गरिबास दुय्यम प्रतीचें दिलें तरी चालेल, ही समजूत त्या तीन हजार चारशें लोकांनीं खोटी पाडली.

महाराष्ट्रानेंहि या कामांत वांटा उचलला आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयांत दोन चाचण्या झाल्या. पहिलींत, मोठा छेद देऊन टांके घालण्याची पद्धत व लहान छेदाची बिनटांक्याची पद्धत यांची ७४१ रोग्यांत तुलना केली, व तिचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनंतर चष्म्यावांचून बऱ्यापैकीं दिसणाऱ्यांचें प्रमाण मोठ्या छेदांत शेंकडा सुमारें ३७, तर लहान छेदांत शेंकडा सुमारें ४८ भरलें. दुसरींत, १९६७ सालीं चार्ल्स केल्मन या अमेरिकन डॉक्टरांनीं प्रथम वापरलेल्या ध्वनिकंपनांच्या यंत्राची तुलना त्याच लहान छेदाच्या हातपद्धतीशीं ४०० रोग्यांत केली, व तिचे निष्कर्ष २००५ सालीं प्रसिद्ध झाले. चष्म्यावांचून पाहण्यांत यंत्र पुढें राहिलें. पण योग्य चष्मा दिल्यावर दोन्हींकडे शेंकडा सुमारें ९८ जणांस उत्तम दिसूं लागलें. यंत्र महाग आहे. हातपद्धति स्वस्त आहे. तेव्हां जेथें यंत्र नाहीं त्या लहान गांवच्या रुग्णालयांतील रोग्यानें स्वतःस हीन समजण्याचें कारण नाहीं, हें त्या चारशें लोकांमुळें आपणांस ठामपणें सांगतां येतें.

कांहीं संकटें इतकीं विरळ असतात कीं, एका डॉक्टरच्या अनुभवांत तीं नीट मोजतांच येत नाहींत. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आंत जंतूंचा प्रादुर्भाव होऊन दृष्टि जाणें हें असेंच एक संकट. हजारांत एखाद-दुसऱ्यास तें होतें. एखाद्या डॉक्टरानें वर्षांत तीनशें शस्त्रक्रिया केल्या आणि तें संकट एकदांहि आलें नाहीं, तर त्याची पद्धत निर्दोष म्हणावी काय? गणित शिकलेला मुलगा तसें म्हणणार नाहीं. यासाठीं २००३ ते २००६ या काळांत युरोपांतील निरनिराळ्या देशांच्या रुग्णालयांनीं एकत्र येऊन सोळा हजारांहून अधिक रोग्यांची चाचणी घेतली. शस्त्रक्रियेच्या शेवटीं डोळ्यांत एका जंतुनाशक औषधाचा अल्प अंश सोडल्यास हें संकट सुमारें पांच पटींनीं कमी होतें, असें तींत दिसून आलें. एकट्यास जें दिसत नाहीं तें अनेकांनीं आपल्या वह्या जोडल्या असतां दिसतें.

येथें एखादे पालक विचारतील, “म्हणजे आमच्या म्हाताऱ्या आईवर प्रयोग करूं द्यावयाचा काय?” प्रश्न रास्त आहे, व त्यास सरळ उत्तर दिलें पाहिजे. दोन उपचारांपैकीं कोणता बरा याविषयीं जाणत्यांस खरोखर शंका असेल, तरच अशी चाचणी घेणें नीतीस धरून होतें. रोग्यास सर्व समजावून सांगून त्याची संमति घ्यावी लागते. त्यानें नकार दिला तरी त्याच्या उपचारांत उणें पडूं देतां येत नाहीं. आणि मध्येंच एक बाजू स्पष्ट सरस दिसली तर चाचणी थांबवावी लागते. शिवाय हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, हिशेब न ठेवतां केलेला उपचार हाहि एक प्रयोगच होय. भेद इतकाच कीं, त्यापासून कोणीच कांहीं शिकत नाहीं. त्या फिरत्या नेत्रवैद्यानें गांवोगांव प्रयोगच केले. पण त्याच्या हातून गेलेला एकहि डोळा पुढच्या रोग्याच्या कामीं आला नाहीं.

या सर्वांतून आपल्या घरीं काय न्यावें? मोतीबिंदू थेंबांनीं विरघळतो असें सांगणारे पुष्कळ भेटतात; असा कोणताहि थेंब चाचणीस उतरलेला नाहीं. ‘अजून पिकूं द्या’ असें म्हणून आजोबांस वर्षानुवर्षें अंधारांत बसवून ठेवण्याचेंहि आतां कारण उरलें नाहीं. दिसण्यास अडचण होऊं लागली कीं डॉक्टरांस दाखवावें. धूसर दिसतें तो प्रत्येक वेळीं मोतीबिंदूच असतो असें नाहीं. काचबिंदू हा निराळा रोग आहे. त्यानें गेलेली दृष्टि परत येत नाहीं, म्हणून चाळिशीनंतर डोळे मधूनमधून तपासून घेणें शहाणपणाचें. शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल झाला, दुखूं लागला किंवा दृष्टि मंदावली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहतां तत्काळ जावें. आणि सर्व ठीक असलें तरीहि ठरलेल्या तारखेस जावें. आजी म्हणेल, “मला लख्ख दिसतंय, कशाला गाडीभाडं घालवायचं?” अशा वेळीं नातवंडांनीं तिचा हात धरून तिला न्यावें. तपासणीचे ते दिवस डोळ्यांत तेल घालून पाळावयाचे असतात.

शुभवर्तमानांत दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाहि जण बरे झाले, पण उलट फिरून आला तो एकटाच, व तोहि शोमरोनी. तेव्हां प्रभूनें न आलेल्या नऊ जणांविषयीं विचारणा केली. त्या गोष्टीचा मुख्य बोध कृतज्ञतेचा आहे, हें आमच्या मुलांस ठाऊक आहेच. नेत्रवैद्याच्या दारींहि न आलेल्यांविषयीं तीच विचारणा चालू असते. ते बरे आहेत म्हणून आले नाहींत, कीं बिघडले म्हणून आले नाहींत? हें कळल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. पुण्याच्या त्या पहिल्या चाचणींत ७४१ पैकीं ७०६ जण सहा आठवड्यांनीं परत तपासले गेले. त्यांत शेतावरचें काम टाकून आलेले असतील, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आलेले असतील. त्यांचीं नांवें कोणत्याहि ग्रंथांत नाहींत. त्यांना स्वतःस पुन्हां येण्यानें मिळावयाचें तें थोडेंच होतें. पण त्यांच्या त्या येण्यामुळें, त्यांनीं कधींहि न पाहिलेल्या माणसांच्या डोळ्यांवर आज कोणती शस्त्रक्रिया करावी हें ठरतें. शेजाऱ्यावर प्रीति करण्याचा हा एक मार्ग आहे, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या घरांतील म्हाताऱ्या माणसासहि मोकळा आहे.